मासे धरायला १ ते ७ ग्रॅमचा जिग (गळ लावलेलं वजनाचं खोटं आमिष) लांब टाकायचाय? मग सेटअप असा लावा

आधी लाइन (दोरी) ठरवा, रॉडचं (काठीचं) मागून बघू. बहुतेक जण उलटं करतात, महागातला अल्ट्रालाइट (अगदी हलक्या आमिषाचा) रॉड घेतात, रीलवर (लाइन गुंडाळायच्या चरकीवर) जुनीच जाडी लाइन ठेवतात आणि मग तक्रार करतात की ३ ग्रॅमचा जिग जातच नाही. कसा जाईल? ४० ग्रॅमचा जिग आपल्या वजनानेच लाइन ओढत नेतो, ३ ग्रॅमच्यात तेवढा दम नसतो, लाइन जाडी असली की गाइडला (रॉडवरच्या कड्यांना) घासते, वारा तिला धरतो आणि जिग पुढ्यातच टपकतो.

मी बोलतोय ते कोकणात खाडीच्या तोंडाला, जेटीवरून नाहीतर खडकावरून टाकायचं, टोळ, बांगडा, छोटी तांबोशी, गोबरा असल्या माशांसाठी. सुरमईचा सेटअप वेगळा, तो इथे आणू नका.

तर लाइन ब्रेडच (विणलेली) घ्या, पीई (ब्रेडच्या जाडीचा नंबर) ०.४ ते ०.६. मोनो (एकाच धाग्याची नायलॉन) नको, ती ताणली जाते त्यामुळे हलकी टिचकी हाताला कळतच नाही, आणि स्पूलवर (रीलमधल्या रिळावर) बसून बसून तिला वेटोळी पडतात. पीई १ ची जाडी ०.१६५ मिमी धरतात आणि ०.४ ची साधारण ०.१०४, डोळ्याला काही फरक दिसत नाही पण फेकल्यावर लगेच कळतो. पाकिटावर पाउंड (लाइन किती ताण सोसते तो आकडा) किती लिहिलेत याला फार भुलू नका, स्वस्तातल्या ब्रेडवर आकडा एक आणि जाडी भलतीच असते.

रील १००० ते २००० साइजची स्पिनिंग, शॅलो (उथळ) स्पूल मिळाला तर उत्तम, नाहीतर खाली जुनी मोनो भरून वर दीडशे मीटर ब्रेड घ्या. स्पूलच्या काठापासून दीड-दोन मिमी जागा सोडायची, त्याहून कमी भरली तर लाइन काठाला घासते आणि काठोकाठ भरली तर भसाभस सुटून गुंता. बेटकास्टरचा (ज्याचा स्पूलच फेकताना फिरतो त्या रीलचा) मोह होतो मान्य आहे, पण ५ ग्रॅमच्या खाली त्यासाठी खास हलक्या स्पूलचा रील लागतो, सुरुवातीला कशाला ती डोकेदुखी.

आता रॉड. साडेसहा ते साडेसात फूट, ज्यावर १-७ ग्रॅम असं काहीतरी लिहिलंय. जास्तीत जास्त वजनाच्या थोडं खाली, म्हणजे ४-५ ग्रॅमला असा रॉड सगळ्यात छान चालतो, १ ग्रॅमला ओढूनताणून. दुकानातच रील लावून ३ ग्रॅमचा जिग बांधा, टोकापासून वीतभर खाली लटकवा आणि हलकेच मागे-पुढे झुलवा. टोक वाकून परत येताना हाताला जाणवलं पाहिजे, काठीसारखं ताठ राहिलं तर रॉड कितीही महाग असो, ठेवून द्या.

लीडर (ब्रेडच्या टोकाला जोडायचा लाइनचा तुकडा) ६ ते ८ पाउंड फ्लोरोकार्बन, मीटरभर, खडकात तांबोशी असेल तर १२. ब्रेडला लीडर जोडायची एफजी नॉट शिकून घ्या, ती बारीक असल्याने गाइडमधून अडकल्याशिवाय जाते. त्याऐवजी डबल युनी गाठ मारणार असाल तर लीडर तोकडा ठेवा आणि गाठ टोकाच्या गाइडच्या बाहेर ठेवूनच फेका. जिगला लूप नॉट (सैल फाशाची गाठ) नाहीतर सगळ्यात छोटा स्नॅप (उघडबंद कडी). स्विव्हल (फिरती कडी) अजिबात नको, १ ग्रॅमच्या जिगपुढे ते लोढणंच होतं.

जिगहेड (वजनी डोक्याचा हुक) की मेटल (सगळा धातूचा जिग)? वारा असेल तर मेटल, सडसडीत आकाराचा, पुढे एकच असिस्ट हुक (दोरीने बांधलेला), कारण ट्रेबल (तीन टोकांचा हुक) लावला की निम्मे जिग खडकालाच दान. जिगहेडवर दीड-दोन इंचाचं सरळ सॉफ्ट प्लास्टिक (मऊ खोटं आमिष) लावा, रुंद शेपटीचं हवेत भिरभिरतं. टंगस्टन महाग आहे पण तेवढ्याच वजनात शिशापेक्षा बराच लहान होतो, वारा कमी धरतो आणि भरकन बुडतो.

खरी कटकट मात्र गुंत्याची. जिग हलका म्हणजे गुंडाळताना लाइनला ताण नाही, मग स्पूलवर सैल वेटोळं बसतं आणि पुढच्या फेकीला दहा वेटोळी एकदम बाहेर. म्हणून जिग पाण्याला टेकायच्या आधी बोटाने लाइन हलकेच दाबायची, बेल (रीलवरची तारेची कडी) हाताने बंद करायची (हँडल फिरवून नाही), रॉड वर उचलून ढील काढायची आणि मगच गुंडाळायचं. एवढं केलं तरी निम्मा त्रास जातो.

वेळ शक्यतो पहाटेची, तेव्हा मतलई वारा जमिनीकडून सुटलेला असतो आणि जिग त्याच्याबरोबर जातो. दुपारनंतर खारा वारा समोरून येतो, तेव्हा कमी उंचीवरून सपाट फेका.

आणि १ ग्रॅमच लांब न्यायचाय? मग पारदर्शक बबल फ्लोट (तरंगता गोळा) लावा, त्याच्या पुढे मीटरभर लीडर आणि टोकाला जिगहेड. फक्त फ्लोट आणि जिग मिळून वजन रॉडवर लिहिलेल्या वजनाच्या वर गेलं नाही ना ते बघा, पाणी भरायचा फ्लोट असेल तर पाण्यासकट मोजा.