मॅन्युअलमधून जुनं विंडोज काढताना

सोलापुरातल्या टॉवेल कारखान्यांच्या बिलिंग सॉफ्टवेअरचं मॅन्युअल मी सांभाळते. जुन्या विंडोजचे उल्लेख काढायचे, तर आधी ‘एक्सपी’, ‘विंडोज ७’ शोधा. सरसकट फाइंड-रिप्लेस मात्र नकोच. बॅकअपच्या धड्यात ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ असा फोल्डरचा पत्ता असेल, तर तो एक्सपीच्या काळातला. एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टापासून तिथे ‘यूजर्स’ आलं. ‘माय कॉम्प्युटर’चं आता ‘धिस पीसी’ झालंय. अशा ओळींत विंडोजचं नावच नसतं, म्हणून त्या निसटतात आणि अक्कलकोट रोडवरचा मुनीम बिचारा नसलेला फोल्डर शोधत बसतो. स्क्रीनशॉट एकेक नजरेखालून घालाच. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, तरी काहींकडे ते चालतं. त्यांच्यासाठी जुनी पीडीएफ वेगळी ठेवा, पहिल्या पानावर आवृत्ती ठळक लिहून.