होळी ते पाडवा: परसबागेत उरकायची कामं

होळी पेटली की थंडी पळते आणि पाठोपाठ ऊन मी म्हणायला लागतं. फाल्गुन पौर्णिमेपासून चैत्र प्रतिपदेपर्यंत मोजून एक पंधरवडा मिळतो. देशावरच्या परसबागेची उन्हाळी तयारी त्यातच उरकलेली बरी, कारण पाडव्यानंतर हातात राहतं ते फक्त पाणी घालणं आणि राखण करणं. घरामागे अर्धा-एक गुंठा जागा, दोनचार फळझाडं, पाचसहा वाफे आणि उन्हाळ्यात दिवसाआड येणारं पाणी असा ज्यांचा संसार आहे, त्यांच्यासाठी ही यादी आहे.

पहिलं काम उपटण्याचं. ते जिवावर येतं, पण त्याच्याशिवाय पुढचं काहीच जमत नाही. कोबी, फ्लॉवर, मटार यांचा हंगाम संपलाय. पालक आणि मेथी तुऱ्यावर आली असेल तर बियाण्यापुरती दोन झाडं ठेवून बाकीची काढा. टोमॅटोचा मोह सर्वांत वाईट. पारा पस्तीस अंशांच्या वर गेला की त्याची फुलं गळतात, फळ धरत नाही. झाड मात्र हिरवंगार दिसतं, म्हणून आपण एप्रिलभर त्याला पाणी पाजत बसतो. लागलेली फळं पिकली की झाड काढा आणि ते पाणी लिंबाला द्या. वांग्याचं तसं नाही. जुन्या फांद्या छाटून, बुडाशी शेणखत देऊन त्याचा खोडवा, म्हणजे त्याच झाडावर दुसरं पीक, घेता येतो. मिरचीही थोड्या सावलीत तग धरते.

कांदा-लसूण असेल तर त्याची वेळ साधायला हवी. निम्म्या कांद्यांच्या माना पडल्या की काढणीला आलाच. त्याआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडलेलं असावं. काढलेला कांदा उघडा टाकू नका. एका ओळीतले कांदे दुसऱ्या ओळीच्या पातीखाली झाकले जातील अशा बेतानं आडवे पसरा आणि तीनचार दिवस पात सुकू द्या. मग बोटाच्या दोन पेरांएवढी मान ठेवून पात कापायची. मान अगदी बुडाशी कापली की तिथूनच सड आत शिरते. लसणाच्या पातीसकट जुड्या बांधून वाऱ्याला टांगा.

मोकळा झालेला एखादा वाफा यंदा पडीक ठेवायचा असेल तर तो तापवून घ्या. माती भुसभुशीत करून चांगली भिजवा, वर पारदर्शक प्लास्टिकचा कागद अंथरा आणि कडा मातीत दाबून टाका. कागद पारदर्शकच हवा, काळ्याखाली माती तितकी तापत नाही. चार ते सहा आठवड्यांत तणाचं बी आणि मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींचा बराचसा निकाल लागतो.

आता आच्छादन. पाचोळा, उसाचं पाचट, गव्हाचा भुसा, जे हाताला लागेल ते. आधी भरपूर पाणी, दुसऱ्या दिवशी वाफसा आला, म्हणजे चिखल जाऊन माती नुसती ओलसर राहिली, की खुरप्यानं हलकी खुरपणी, आणि मग दोन-तीन इंचांचा थर, हा क्रम मोडू नका. कोरड्या मातीवर पाचोळा टाकला तर नंतर घातलेलं थोडं पाणी तोच पिऊन टाकतो. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. वाळवी दिसत असेल तर रोज एकदा थर उलथून बघा.

फळझाडांची आळी याच आठवड्यात मोठी करा. झाड पाणी पितं ते फांद्यांच्या घेराखालच्या बारीक मुळांनी, पण आपण झारी ओततो बुंध्यात. लिंबाला तर बुंध्याशी पाणी साचणं घातकच, डिंक्या रोग तिथूनच सुरू होतो. म्हणून खोडाला मातीची भर देऊन बाहेरून बांगडीसारखं गोल आळं काढायचं. खोडाला बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा मोरचूद-चुन्याचा लेप, लावायची ती घरच्या घरी होते. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये. दोन्ही प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात, लोखंडाच्या नव्हे. चुना विरून गार झाला की दोन्ही एकत्र ढवळा. लखलखीत घासलेला खिळा त्यात मिनिटभर बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. कुंच्यानं दोन-अडीच फुटांपर्यंत लावा. पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा एकदा हात फिरवायचा आहेच.

आंब्याला मोहर असताना पाणी नको. फळ वाटाण्याएवढं झालं की सुरू करा. मोठ्या झाडाला दर पंधरवड्याला १५० ते २०० लिटर पुरे, आणि काढणीच्या महिनाभर आधी तेही थांबवा. हाताला येतील त्या फळांना अंड्याएवढी झाल्यावर वर्तमानपत्राच्या पिशव्या बांधा. काम किचकट आहे, पण फळ डागाळत नाही आणि फळमाशीला डंख मारायला जागा राहत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं काढलेला, फळमाशीचे नर गंधानं ओढून अडकवणारा रक्षक सापळा मिळाला तर टांगा. फक्त दुकानात आंब्यासाठी हवाय की काकडी-कारल्यासाठी ते सांगा, दोहोंची गंधगोळी वेगळी. गळलेली फळं रोज उचलून खोल पुरायची. खतखड्ड्यात टाकलीत तर माश्यांची पुढची पिढी आपणच पोसतो.

लावायचं ते मोजकं. भेंडी आणि गवार रात्रभर भिजवून थेट जागेवर टोकायची. पालेभाजीत माठ, राजगिरा आणि अंबाडी उन्हाला दाद देत नाहीत. कोथिंबीर हवीच असेल तर धने रगडून दोन फाकी करा आणि दुपारची सावली येते तिथेच पेरा. वेलभाज्यांत काकडी, दोडका, दुधी. वेलाच्या मधोमध तोंडापर्यंत कच्च्या भाजणीचं मडकं पुरा, त्यात पाणी भरून झाकण ठेवा. पाझरून पुरतं तेवढंच झिरपतं, बाष्पाने उडत नाही. सुरुवातीला नुसती नरफुलं येऊन गळतात, त्यात काळजीचं काही नाही. मादीफुलाच्या मागे इवलंसं फळ असतं. तीच पिवळी पडून गळू लागली तर मधमाशा येत नाहीयेत असं समजा आणि नरफुलाच्या पाकळ्या काढून केसर मादीफुलावर फिरवा. काकडीला हे सकाळी जमतं. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा तिला दिवेलागणीची वेळ द्या.

गच्चीवरच्या कुंड्या एकमेकींना खेटून, विटांवर चढवून ठेवा. वर पन्नास टक्क्यांची शेडनेट, ती झाडांच्या डोक्यापासून हातभर उंच. पाणी सकाळी लवकर घाला. नळीत उन्हानं तापून राहिलेलं पाणी आधी बादलीत काढा, ते मुळांवर सोडू नका. वांगी-भेंडीच्या पानामागे बारीक जाळं आणि लाल ठिपके दिसले तर तो कोळी. औषध शोधण्याआधी दोनतीन दिवस पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा, बहुतेकदा तेवढ्यानं भागतं. पपईवर पांढरा कापूस (पिठ्या ढेकूण ही कीड) दिसला तर मात्र निंबोळी अर्कच बरा: लिटरला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण घालून.

निंबोळ्या संपत आल्या असतील तर जवळचं कडुनिंबाचं झाड आत्ताच हेरून ठेवा. पाडव्याला त्याला फुलोरा असतो, फळं पिकून पडतात ती पावसाच्या आगेमागे. आणि हळदीचे, अळूचे कंद सावलीत वाळूत ठेवलेत ना, ते एकदा वरखाली करून सडके काढून टाका. अक्षय्य तृतीयेला ते लागतील.