ड्रिलचे आकडे बघून सोन्याच्या कंपनीत पैसे टाकताय? आधी या चुका टाळा

मागच्या आठवड्यात विट्याहून आतेभावाचा मेसेज आला. कुठल्यातरी ऑस्ट्रेलियन कंपनीने सोनं शोधायला जमिनीत मारलेल्या भोकांच्या रिझल्टचा स्क्रीनशॉट, त्यात ठळक अक्षरात "१२ मीटर, ८ ग्रॅम प्रति टन", आणि खाली याचं, "दादा तू तिकडंच असतोस ना, घेऊ का थोडे?" आता शेअर मार्केटमधलं मला शष्प कळत नाही, पण कालगुर्लीच्या आजूबाजूला मी काही वर्षं ड्रिल रिगवर सॅम्पल भरलीयत आणि नंतर कोअर (भोकातून काढलेला दगडाचा अखंड दांडा) ठेवतात त्या शेडमध्ये ट्रे उचललेत, त्यामुळे तो आकडा कागदावर येईपर्यंत कुठून कुठून धक्के खात येतो ते बघितलेलं आहे. त्याला फोनवर जे बडबडलो तेच इथे जरा लावून लिहितोय.

कालगुर्ली म्हणजे पर्थपासून आत सहाशे किलोमीटर, लाल माती, माशा आणि सोनं. तिथल्या मूळ लोकांच्या "कार्लकुर्ला" या शब्दावरून नाव पडलं म्हणतात (कुर्ला ऐकून मी पहिल्या दिवशी एकटाच हसत बसलेलो). १८९३ ला पॅडी हॅनन आणि त्याच्या दोन साथीदारांना इथे सोनं सापडलं, तेव्हा वेस्टर्न ऑस्ट्रेलिया ब्रिटिशांची वसाहत होती आणि लंडनचा पैसा इकडे अक्षरशः धावत आला. आज पैसा मोबाइलवरून येतो, बाकी चुका बऱ्याचशा त्याच आहेत.

चूक १: सरासरीवर भाळणे

भोकातल्या १२ मीटर दगडात टनामागे सरासरी ८ ग्रॅम सोनं, म्हणजे गुणाकार ९६. त्याच ओळीत पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, "यात १ मीटर ९० ग्रॅमचा". आता ९६ मधून ९० काढा. उरलेल्या ११ मीटरमध्ये मिळून ६, म्हणजे टनामागे जेमतेम अर्धा ग्रॅम. अर्ध्या ग्रॅमवर जमिनीखालची खाण चालत नाही, उघड्या खड्ड्याची चालली तर चालली, तीही पसारा प्रचंड असेल तरच. म्हणजे बारा मीटरची बातमी मुळात एका मीटरची होती. खोटं कोणी काही बोललेलं नाही हां, सगळं लिहिलेलं असतं, फक्त तुम्ही "यात" या शब्दाच्या पुढे वाचत नाही.

चूक २: भोकातली लांबी म्हणजे शिरेची जाडी समजणे

सोन्याची शीर तिरकी असते, भोकही तिरकं मारतात. दोघांमधला कोन ३० अंश असला तर भोकात १२ मीटर दिसणारी शीर खरी ६ मीटर जाड. सुरीने भेंडी तिरकी कापली की चकती लांबडी दिसते, तसंच. रिपोर्टमध्ये "खरी जाडी" असा शब्द शोधायचा, नसेल तर मनातल्या मनात आकडा कमी करून ठेवायचा.

चूक ३: ओलं सॅम्पल

ही माझी स्वतःची चूक, म्हणून जरा सविस्तर. आरसी ड्रिलिंग, म्हणजे रिव्हर्स सर्क्युलेशन, हे तंत्र कालगुर्लीतच १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झालं. रॉड दुहेरी भिंतीचा, दोन भिंतींच्या मधून दाबाची हवा खाली जाते, खाली हॅमर दगडाचा चुरा करतो आणि तो चुरा आतल्या नळीतून वर येऊन सायक्लोनमध्ये, म्हणजे हवा आणि चुरा वेगळा करणाऱ्या भांड्यात पडतो. दर मीटरला एक मोठी पिशवी भरते आणि स्प्लिटरमधून दोन-तीन किलोची छोटी कापडी पिशवी लॅबसाठी वेगळी निघते. चुरा बाहेरून भोकाची भिंत घासत वर येत नाही म्हणून मिसळत नाही, आणि कोअर काढण्यापेक्षा हे स्वस्त आणि भराभर होतं, सगळी गंमत तीच.

पण पाणी लागलं की गंमत संपली. एका भोकात साधारण ७० मीटरला पाणी आलं, हवेचा दाब पुरेना, पिशवीत चुऱ्याऐवजी शिऱ्यासारखा चिखल पडायला लागला, ड्रिलर माझ्याकडे बघतोय, मी घड्याळाकडे बघतोय कारण शिफ्ट संपत आलेली, आणि मी म्हणालो चालू दे. महिन्याभराने रिझल्ट आले: ११ ग्रॅम, मग ५, मग अडीच, मग एक, असे उतरत्या भाजणीचे नऊ मीटर. ऑफिसात लोक खूश. शेजारी डायमंड ड्रिलने (हिरे बसवलेलं, दगडाचा चुरा न करता दांडा कापून काढणारं) कोअर काढली तेव्हा शीर निघाली दोन मीटर. बाकी सात मीटर सोनं हे वरच्या श्रीमंत मीटरचा चिखल सायक्लोनच्या आत चिकटून पुढच्या पिशव्यांमध्ये थोडा थोडा पडलेला. सायक्लोन उघडून हात घातला असता तरी कळलं असतं!

रिगवर असाल तर: ओलं आलं की थांबा, जादा कॉम्प्रेसर किंवा बूस्टर लावा, रॉड बदलताना भोक हवेने साफ करून घ्या, सायक्लोन आणि स्प्लिटर धुवा, पिशव्यांचं वजन करत जा (एक पिशवी हलकी आणि पुढची जड म्हणजे घोळ आहे), आणि तरीही पाणी मागे हटेना तर आरसी सोडून पुढचं डायमंडने करा. घरी बसून वाचत असाल तर रिपोर्टच्या मागे "जॉर्क टेबल १" नावाचा कंटाळवाणा तक्ता असतो, त्यात सॅम्पल कोरडी होती का ओली, चुरा पूर्ण मिळाला का, हे लिहावं लागतं. आणि आकडे ११, ५, अडीच, एक असे जिन्यासारखे उतरत असले तर शंका घ्या.

डायमंडमध्ये कोअर उभी चिरून अर्धी लॅबला आणि अर्धी ट्रेमध्ये ठेवायची पद्धत आहे, कोणालाही नंतर परत तपासता यावी म्हणून. १९९७ ला फुटलेल्या ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीच्या इंडोनेशियातल्या घोटाळ्यात आख्खी कोअर दळायला जायची आणि चुऱ्यात बाहेरून सोनं मिसळलेलं निघालं.

चूक ४: नवीन मशीन आलं म्हणजे आकडा पक्का

आमचं घराणं गलाईवाल्यांचं, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांचं, मामांचं दुकान अजून तमिळनाडूत आहे. लॅबमध्ये "फायर असे" (assay, भट्टीत घालून सोनं मोजायची चाचणी) कशी करतात ते त्यांना सांगत होतो, ३०-५० ग्रॅम भुकटी घेतात, शिसं घालून मुशीत वितळवतात, मग शिसं शोषून घेणाऱ्या छोट्या वाटीत तापवतात, शेवटी सोन्याचांदीचा मणी उरतो, त्यातली चांदी तेजाबात जाते. मामा म्हणाले, "हे तर आपलंच काम की रे, पण चिमूटभर बघून आख्ख्या डोंगराचा भाव कसा काय लावता?" बरोबर बोलले. सोनं जाड कणांचं असेल तर एक कण त्या ५० ग्रॅममध्ये आला की आकडा आभाळात, नाही आला की शून्य.

आता "फोटॉन असे" नावाचं मशीन आलंय, ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने विकसित केलेलं. सुमारे अर्धा किलो सॅम्पल डब्यात भरून त्यावर जोरदार एक्स-रे मारतात, काही मिनिटांत आकडा, ना शिसं ना भट्टी, आणि सॅम्पल जसंच्या तसं परत. जाड सोन्यासाठी खरंच भारी आहे. पण माझा तो चिखल त्यात घातला असता तर त्या मशीनने मला माझाच चिखल चार मिनिटांत अचूक मोजून दिला असता.

चूक ५: एका भोकावरून आख्खी खाण विकत घेणे

१८९४ ला कूलगार्डीच्या दक्षिणेला लंडनडेरी नावाच्या जागी जमिनीलगतच इतकं श्रीमंत सोनं लागलं की शोधणाऱ्यांनी हजारो औंस काढले. लॉर्ड फिंगॉल यांनी ती जागा घेतली, खड्डा बंद करून सील केला आणि लंडनमध्ये ७ लाख पौंडांची कंपनी उभी केली. लोक शेअरवर तुटून पडले. १८९५ ला सील तोडून खड्डा उघडला तर काही फुटांतच सोनं संपलं. एक खळगा होता, बस. त्या खड्ड्याला लोक "गोल्डन होल" म्हणायचे, यापेक्षा जास्त काय सांगू.

म्हणून आजूबाजूची भोकं बघा. त्याच शिरेवर ४०-५० मीटर अंतरावर दुसरं, तिसरं भोक लागलंय का? नकाशावर रिकाम्या गेलेल्या भोकांचे ठिपके दाखवलेत का, का फक्त लाल लाल ठिपके?

चूक ६: सोनं आहे म्हणजे सोनं निघतं

कालगुर्लीत सुरुवातीचं वरचं ऑक्साइडचं सोनं सहज निघायचं, खाली सल्फाइड आणि टेल्युराइड (गंधक किंवा टेल्युरियम असलेली खनिजं, सोनं त्यात अडकलेलं) लागलं आणि दगड दळून सोनं काढणाऱ्या गिरण्या अडकल्या. टेल्युराइड दिसायला सोन्यासारखं नसतं, त्यामुळे ते टाकाऊ समजून रस्त्यातले खड्डे बुजवायला वापरलं, आणि १८९६ ला हे काय आहे ते कळल्यावर लोकांनी रस्ते खणून काढले अशी गोष्ट तिथला प्रत्येक माणूस सांगतो (आपल्या नगरपालिकेने ऐकू नये). ते काढायला दगड बारीक दळणं, भाजणं, सगळा वेगळा खर्च. तेव्हा "रिकव्हरी", म्हणजे दगडातलं सोनं प्रत्यक्षात निघतं ते किती टक्के, हे विचारा, त्याची टेस्टच झाली नसेल तर ग्रॅमचा आकडा अर्धवट आहे.

आणि पैशाचं थोडक्यात. छोट्या खाण कंपन्यांना एएसएक्सवर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात, दर तिमाहीला "अपेंडिक्स ५बी" भरावं लागतं, त्यात शिल्लक रोकड किती आणि ती किती तिमाही पुरेल ते असतं. दोन तिमाहींपुरतीच असेल तर चांगल्या रिझल्टनंतर लगेच नवीन शेअर स्वस्तात काढणार हे धरून चाला.

भावाला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "दादा एवढं कोण वाचत बसतं?" मग मी त्याला त्याचाच स्क्रीनशॉट परत पाठवला, ते ११ मीटर पिवळे करून आणि बाजूला "अर्धा ग्रॅम" लिहून. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर अजून नाही.