पूल टेबलाचं कापड घरच्या घरी बदलताना

कापड ताणायला दोन माणसं आणि एक पूर्ण दिवस हाताशी ठेवा. इथे दिलेली मापं ८ फुटी घरगुती टेबलाची आहेत. त्यावर खेळण्याचा भाग ८८ × ४४ इंच असतो आणि खाली स्लेटचे (सपाट दगडी फरशीचे) तीन तुकडे असतात. वरच्या कापडाला साधारण १०२ × ५८ इंचांचा तुकडा लागतो. सहा रेलसाठी (टेबलाच्या कडेच्या, बॉल आपटून परततो त्या पट्ट्यांसाठी) ६ इंच रुंदीच्या कापडी पट्ट्या लागतात, प्रत्येक कापडी पट्टी रेलपेक्षा ४ इंच लांब. सगळं एकाच थानातलं घ्या, नाहीतर रंगाची छटा वेगळी दिसते. कापड लोकर-नायलॉन मिश्रणाचं असावं. ते आदल्या रात्री त्याच खोलीत पसरून ठेवा. लोकर दमट हवेत सैलावते, म्हणून कोकणात किंवा मुंबईत हे काम ऐन पावसाळ्यात काढू नका.

आधी पॉकेटं सोडवा, मग टेबलाखालून रेलचे बोल्ट काढा. बहुतेक टेबलांना दर रेलला तीन असतात. प्रत्येक रेलच्या खालच्या बाजूला पेन्सिलने नंबर टाका, कारण त्या दिसतात सारख्या पण बोल्टची भोकं तंतोतंत जुळत नाहीत. जुनं कापड ओरबाडून काढू नका. चपट्या स्क्रूड्रायव्हरने एकेक स्टेपल उचला आणि मोडलेला पाय पक्कडीने ओढा. लाकडात राहिलेलं टोक नव्या कापडाला भोक पाडतं.

आता स्लेट, आणि खरं काम इथेच आहे. व्हॅक्यूमने खडूची धूळ पूर्ण काढा, पाणी लावू नका. तळहात सावकाश फिरवला की डोळ्यांना न दिसणारा खडा बोटांना लागतो. साखरेच्या दाण्याएवढा कण कापडाखाली राहिला तरी हळू जाणारा बॉल तिथे वळतो आणि कापडही आधी तिथेच झिजतं. लेव्हल (पातळी बघायची पट्टी) प्रत्येक जोडावर आडवी-उभी ठेवून बघा आणि फरक असेल तर आत्ताच काढा. जोडांमध्ये मधमाशीचं मेण वितळवून भरतात आणि निवल्यावर धारदार पत्र्याने स्लेटच्या पातळीला खरवडतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात बंद खोलीत मेण मऊ पडू शकतं. तिथे गाडीच्या डेंटिंगला वापरतात ती पुट्टी बरी, मात्र पुढे टेबल हलवायचं झालं तर ती फोडावी लागते.

कापडाची सुलट बाजू वर ठेवा. लव असेल तर ब्रेकच्या टोकाकडून (जिथून पहिला फटका मारतात) रॅकच्या टोकाकडे (जिथे बॉल मांडतात) हात फिरवताना ती गुळगुळीत लागली पाहिजे. रॅकच्या टोकाला स्लेटखालच्या लाकडात दर इंचाला १० मिमीचा स्टेपल मारत सरळ रेषेत कापड बसवा. मग ब्रेकच्या टोकाला मधोमध ओढून स्टेपल मारा आणि तिथून कोपऱ्यांकडे सरका. लांब बाजूही मधल्या पॉकेटपासून दोन्हीकडे, समोरासमोर आळीपाळीने करा. एक बाजू आधी पूर्ण करून टाकली की सगळी सुरकुती दुसऱ्या बाजूच्या कोपऱ्यात जमा होते. मध्यावर तळहात दाबून पुढे सरकवल्यावर लाट उठली, तर ताण कमी आहे. स्लेटखाली लाकूड नसेल तर स्लेटच्या कडेला आणि कापडाला स्प्रे गोंद मारा, चिकट होईपर्यंत थांबा आणि मग चिकटवा.

पॉकेटावर कापड ताणून झाल्यावरच चीर द्या. भोकाच्या मध्यापासून तीन चिरा काढा आणि प्रत्येक चीर स्लेटच्या कडेआधी एक सेंटिमीटर थांबवा. चीर कडेपर्यंत गेली तर ती पुढे खेळाच्या भागात फाटत जाते आणि ती दुरुस्त होत नाही.

रेलच्या वरच्या खाचेत लाकडी पट्टी ठोकून कापड पकडलेलं असतं. जुनी लाकडी पट्टी धड असेल तर तीच वापरा. कापडाची नवी पट्टी उलट बाजू वर करून खाचेवर ठेवा आणि लाकडी पट्टी ठोका, पण थेट हातोडीने नाही, मध्ये ठोकळा धरून. ती खाचेच्या पातळीला आली की थांबा, कारण जास्त खोल गेली तर रेलचं व्हेनिअर (वरचा पातळ लाकडी थर) उचकटतं. दोन्ही टोकांना दोन इंच मोकळे ठेवा. मग कापड कुशनवरून (रेलच्या आतल्या कडेच्या रबरावरून) उलटून खाली ओढा, मध्यापासून स्टेपल मारा, पॉकेटाकडची टोकं घट्ट दुमडा आणि शेवटी उरलेली लाकडी पट्टी ठोका. कापड नसताना कुशनचं रबर अंगठ्याने दाबून बघा. ते कडक झालं असेल तर बदलायची हीच वेळ आहे.

रेल बसवताना सगळे बोल्ट आधी अर्धवट लावा, रेल सरळ करा आणि मग थोडे थोडे आळीपाळीने आवळा. कुशनचं नाक (पुढे आलेलं टोक) स्लेटपासून ३६ मिमीच्या आसपास यायला हवं (५७.१५ मिमीच्या बॉलसाठी). रेलवर बॉल धडकवल्यावर थड असा पोकळ आवाज आला, तर तिथला बोल्ट सैल आहे.