पॅसेजला सेन्सर लावताय?

मालवण-तारकर्लीकडे होमस्टेच्या पॅसेजला, बाथरूमला सेन्सरचे दिवे लावायचे असतील तर आधी सेन्सर कुठला ते बघा. साधा पीआयआर (उष्णतेवरून माणूस ओळखणारा सेन्सर) अंगाची ऊब आणि मागची भिंत यांतला फरक हेरतो. मे महिन्यात भिंतीच तापल्या की तो मंदावतो. तेव्हा सेन्सिटिव्हिटी थोडी वाढवा. काचेपलीकडचं त्याला कळत नाही, म्हणजे काचेच्या पार्टिशनआड पाहुणा तोंडाला साबण लावून अंधारात! तिथे मायक्रोवेव्ह सेन्सर, म्हणजे रेडिओलहरी सोडून हालचाल टिपणारा, बरा. पण तो प्लायवूडपलीकडची हालचालही पकडतो, फिरता पंखासुद्धा. टायमर, म्हणजे हालचाल थांबल्यावर दिवा किती वेळ चालू राहील ते, बाथरूमला १५ मिनिटं ठेवा, पॅसेजला एखादं मिनिट पुरे. पडवीत आयपी ६५ चाच (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न जाऊ देणारा) घ्या आणि लेन्सवरची खारी पुटं ओल्या फडक्याने पुसत जा.