बायोफिल्मवर आधी पेप्टाइड, मग लाल प्रकाश

मिथिलीन ब्लू या रंगावर लाल प्रकाश पडला की त्यातून सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे जिवाणू मारणारा क्रियाशील ऑक्सिजन, निघतो. पण स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूच्या बायोफिल्मवर (पृष्ठभागाला चिकटून वाढलेल्या थरावर) नुसता हा रंग आणि लाल प्रकाश वापरला तर बहुधा काम अर्धवटच होते. या जिवाणूचे बाहेरचे पटल रंगाला सहज आत घेत नाही. पॉलिमिक्सिन बी हे पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी असलेले) प्रतिजैविक तेच पटल सैल करते. म्हणून आधी पेप्टाइड, मग रंग, शेवटी प्रकाश.

पुण्यात कल्चर (वाढवलेले जिवाणू) पाषाणच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम या सूक्ष्मजीव संग्रहाकडून मागवता येते. रुग्णाच्या नमुन्यातला जिवाणू हवा असेल तर परवानग्या आणि बीएसएल-2 (जैवसुरक्षा पातळी 2) ची सोय आधी बघा.

रात्रभर वाढलेले कल्चर ताज्या ब्रॉथमध्ये (द्रव पोषक माध्यमात) 1:100 करून 96 वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये 200 मायक्रोलिटर भरा. 37 अंशांवर 24 तास, न हलवता. कडेच्या वेलमध्ये निर्जंतुक पाणीच ठेवा, त्या लवकर सुकतात. नंतर 0.85% सलाइनने दोनदा हळुवार धुवा. ब्रॉथ मागे राहिला तर त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम पॉलिमिक्सिनला पटलावर बसू देत नाहीत.

पॉलिमिक्सिन एमआयसीच्या (जिवाणूची वाढ थांबवणाऱ्या किमान मात्रेच्या) चौथाई प्रमाणात, 30 मिनिटे. डायल्यूशन पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्यांतच करा; पॉलिस्टायरीनला पेप्टाइड चिकटते आणि मात्रा घटते. पावसाळ्यात पुण्याची दमट हवा पावडरला लागते, म्हणून फ्रीजरमधली कुपी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका.

मग 50 मायक्रोमोलर मिथिलीन ब्लू, 15 मिनिटे अंधारात. खरी गफलत इथे होते. रंग तसाच ठेवून वरून प्रकाश टाकला, तर 200 मायक्रोलिटरच्या सुमारे 6 मिलिमीटर थरातच लाल प्रकाश शोषला जातो. तळाशी एखादा टक्का पोहोचला तरी खूप. रंग काढा, एकदा धुवा, 100 मायक्रोलिटर सलाइन घाला. बायोफिल्ममध्ये शिरलेला रंग पुरतो.

एलईडी 660 नॅनोमीटरचा हवा. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत हीट सिंक, ड्रायव्हर मिळतील. पण साधा लाल एलईडी साधारण 630 चा असतो, तो नको. झाकण काढून, पॉवर मीटर प्लेटच्या पातळीवर धरून मोजा: चौरस सेंटिमीटरला 50 मिलिवॉट, 600 सेकंद, म्हणजे 30 ज्यूल. सलाइन गरम होत नाही ना, हे थर्मोकपलने (तापमान मोजणाऱ्या तारेने) तपासा. नाहीतर उष्णतेने मेलेले जिवाणू प्रकाशाच्या खात्यात जमा होतील.

पेप्टाइड, रंग, प्रकाश असा-नसा धरून आठही गट लावा. अंधाराच्या गटांची वेगळी प्लेट फॉइलमध्ये गुंडाळा. रंग घातल्यानंतर प्रयोगशाळेतली ट्यूबलाइटही मंद हवी.

मोजणी सीएफयूनेच (जिवंत जिवाणूंपासून वाढलेल्या वसाहती मोजून) करा: तळ खरवडा, व्हॉर्टेक्स करा (यंत्रावर जोरात ढवळा), दहापटीने डायल्यूट करून आगरच्या प्लेटांवर लावा आणि प्लेटा अंधारात वाढवा. बायोफिल्म मोजायला वापरतात तो क्रिस्टल व्हायोलेट रंग मेलेला गाळही रंगवतो, त्यावरून मारक परिणाम ठरत नाही. सर्वांत प्रभावी एकट्या उपचारापेक्षा किमान 2 लॉग (शंभरपट) जास्त घट असेल तरच सिनर्जी, म्हणजे एकमेकांना बळ देणारा परिणाम, म्हणा.

पेप्टाइड बदलताना काय आधी, काय नंतर हा क्रम पुन्हा तपासा. उदाहरणार्थ, इंडोलिसिडिन या पेप्टाइडच्या 13 अमिनो आम्लांत 5 ट्रिप्टोफॅन आहेत. रंगातून निघणारा सिंगलेट ऑक्सिजन त्यांनाच आधी खातो.