कागदावरचं नाव आणि खरं नाव: अमेरिकेतल्या चिनी कुटुंबाचा माग कसा काढावा

१८८२ ते १९४३ या काळात अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं होतं. व्यापारी, विद्यार्थी आणि अमेरिकेत जन्मलेले यांना सवलत होती, पण आपण त्यांतले आहोत हे प्रत्येकाला सिद्ध करावं लागे. त्या छाननीच्या फायलींत कुटुंबाचा इतिहास सापडतो.

१. आधी घरातले कागद आणि थडग्यांचे दगड पाहा. दगडावर चिनी लिपीत नाव आणि बहुधा मूळ गाव कोरलेलं असतं. अक्षरं नीट वाचता येतील असा फोटो काढा. इंग्रजी स्पेलिंगवर विसंबू नका. एकच आडनाव चॅन, चिन, चेन असं कसंही लिहिलेलं आढळतं. लग्नानंतर पुरुष दुसरं नावही घेत.

२. नाव, जन्मसाल, जहाज आणि आगमनाची तारीख देऊन नॅशनल आर्काइव्ह्जकडे (अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे) विचारणा करा. सॅन फ्रान्सिस्कोला उतरलेल्यांच्या फायली सॅन ब्रुनोच्या शाखेत आहेत, सिअॅटलच्या सिअॅटललाच. फाइल मिळाली नाही म्हणून थांबू नका. पुढे नागरिकत्व घेतलेल्यांची जुनी फाइल १९४४ पासून सुरू झालेल्या 'ए-फाइल'मध्ये (परदेशातून आलेल्या व्यक्तीच्या सरकारी फायलीत) घातलेली असू शकते.

३. फायलीतली जबानी सावकाश वाचा. घर कितव्या रांगेत, विहीर कुठे, शेजारी कोण, असे प्रश्न अधिकारी बाप-लेकांना वेगवेगळे विचारून उत्तरं ताडून पाहत. त्यावरून गावाचा नकाशा काढा. नातेवाइकांच्या फायलींचे क्रमांक दिसतील तिथे टिपून घ्या आणि त्याही मागवा.

४. नातं खरं की कागदी, हे तपासा. १९०६च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोतल्या जन्मनोंदी जळाल्या. मग अनेकांनी आपला जन्म इथलाच असल्याचं सांगितलं, चीनमध्ये आपल्याला मुलं असल्याचं नोंदवलं आणि त्या न झालेल्या मुलांच्या नावांवर दुसऱ्यांची मुलं आली. अशा 'कागदी मुला'ची जबानी पाठ केलेली असे. तिच्यातले आजी-आजोबा तुमचे नसतीलही. १९५६ ते १९६५ या काळात खोट्या नात्याचा सरकारकडे कबुलीजबाब दिलेला असेल, तर खरं नाव त्यात मिळतं.

५. तारखा बदलून घ्या. 'के. एस. २४' म्हणजे क्वांगशू सम्राटाचं २४ वं वर्ष, १८९८. तारीख चिनी प्रजासत्ताकाच्या वर्षात दिली असेल, तर त्यात १९११ मिळवा. चिनी रीतीनं वय जन्मतःच एक धरत आणि नव्या वर्षाला वाढवत, त्यामुळे एक-दोन वर्षांचा फरक ही चूक समजू नका.

गाव कळलं की दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातल्या कुळाची वंशावळ शोधा. त्यात मुली बहुधा नसतात आणि सुनांची फक्त माहेरची आडनावं असतात. आजीचं नाव, माहेर, चिनी रीतीप्रमाणे लहानपणी पाय आवळून बांधलेले होते का, हे मात्र जबानीत विचारलेलं असतं.